‘माहीत नाही’ नावाचं बटण

हे मी अजून कोणाजवळ बोललेलो नाही. बायको असती तर तिला सांगितलं असतं, असं मधूनमधून मनाशी म्हणतो. पण तेही खरं नाही. तिला तर नसतंच सांगितलं. माझ्या शब्दाला बाकी कुठे किंमत असेल-नसेल, तिच्याजवळ होती — आणि ती आपल्या हातानं घालवायची हिंमत माझ्यात कधीच नव्हती.

मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. उद्या रस्त्यात समोरून आलात तरी आपण एकमेकांच्या बाजूनं निघून जाऊ. तेवढ्यावर धीर धरून बोलायचं.

आधी माझ्याविषयी थोडं सांगू द्या. टाळाटाळ करतोय असं वाटेल. करतोयच.

नोकरी सगळी नांदेडच्या बसस्थानकावर गेली. कंट्रोलर होतो. खिडकीमागे बसायचं, समोर माइक, आणि खिडकीबाहेर सदानकदा माणसांचा घोळका. भोकरची कधी लागणार? धर्माबादची गेली का? देगलूरची आज आहे का नाही? तोच प्रश्न इतक्यांदा यायचा की डोकं उठायचं. खेकसायचो मी. “फळ्यावर लिव्हलंय की, वाचता येत न्हाई का?” — ज्याला खरंच वाचता येत नव्हतं त्यालाही हे बोललेलो आहे. स्वभावच तसा. पण एक काम मी कधी केलं नाही. गाडी डोळ्यांनी दिसल्याशिवाय माइकवर तोंड उघडलं नाही. मागच्या थांब्यावरून फोन यायचा, गाडी निघाली, आत्ता पोचते, करा घोषणा. मी नाही करायचो. गाडीचं तोंड फाटकातून आत आलं, पाटी वाचली, की मग. सोबतचे हसायचे, ‘आला मोठा हरिश्चंद्र’ म्हणायचे. हसू देत. मी बोललो की बाया पोरांना कडेवर घेऊन, पिशव्या उचलून सरळ फलाटाकडे चालायला लागायच्या. वळून पुन्हा विचारायच्या नाहीत.

त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. कटकटच वाटायची सगळी.

निवृत्त झालो आणि लातूरला आलो. बायकोचं माहेर इथलं, तिच्या हौसेनं दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या. त्या खोल्यांत ती जेमतेम दोन दिवाळ्या राहिली आणि गेली. मुलगी पुण्यात असते. चांगली आहे, रविवारी फोन करते. बीपीची गोळी घेतली का, विचारते. घेतली, म्हणतो. तेवढ्यावर फोन संपतो.

माझं घर ट्युशन एरियात आहे. लातूर ज्यांना माहीत आहे त्यांना हे सांगायला नको. दाराबाहेर पाऊल टाकलं की पाठीवर बॅगा घेतलेली पोरं-पोरी, सगळी घाईत, सगळी डॉक्टर व्हायला निघालेली. त्या गर्दीतून मी भाजीची पिशवी घेऊन चालायचो आणि मला कोणी धक्कासुद्धा मारायचं नाही — बाजूनं जायची पोरं, खांबाला वळसा घालावा तशी. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला आता कोणी काही विचारत नाही. दिवसच्या दिवस. एकदा तर, हसू नका, मी इथल्या बसस्थानकावर जाऊन नुसता बाकावर बसलो. कोणीतरी शेजारी येईल, अमुक गाडी कधी म्हणून विचारेल. एक गृहस्थ आले खरे. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, बघितलं आणि उठून गेले.

एकाच जागी माझी चौकशी व्हायची. सुमनबाईंच्या मेसमध्ये.

सुमनबाई लातूरजवळच्या मुरुडच्या. नवरा वारलेला. मुलगी प्रणिता हुशार, तिला इथल्या क्लासला घातलं आणि तिच्यासोबत स्वतःही इथे आल्या. एक हॉल भाड्यानं घेतला आणि मेस सुरू केली — पोरांचं जेवण, त्यातूनच खोलीचं भाडं, त्यातूनच प्रणिताचा क्लास. मी दुपारी तिथे जेवायचो. मला त्या भाऊ म्हणायच्या. माझ्या दाढा गेल्यात हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, पण पहिल्याच आठवड्यात माझ्या ताटात भाकरीचा वरचा पापुद्रा तेवढा वेगळा काढून यायला लागला. एखाद्या दिवशी गेलो नाही तर संध्याकाळी प्रणिता दारात हजर. “काका, आई विचारून राहिली, बरं हाय ना?” बरं आहे म्हणायचो आणि दार लावून घेतल्यावर उगाच जरा वेळ तिथेच उभा राहायचो.

हे आधी सांगितलं, कारण मी कोणाशी काय केलं ते तुम्हाला नीट कळावं.

आता ते ॲप. नाव सांगत नाही, इथल्याच काही पोरांनी काढलेलं आहे आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता. आपल्याकडे ग्रुपवर काय काय फिरतं ते तुम्हाला माहीत आहे. जमिनीतून जरा घुमल्यासारखा आवाज आला की लगेच — आज मोठा धक्का बसणार, घराबाहेर झोपा. परीक्षा पुढे गेली. पेपर फुटला. पाणी आता महिन्यानं येणार. तर अशी एखादी बातमी ॲपवर यायची, तिच्याखाली तीन बटणं असायची. खरं. खोटं. माहीत नाही. गावातल्या लोकांनीच तपासायचं आणि बटण दाबायचं. दुसऱ्या दिवशी निकाल. निकाल बरोबर आला तर गुण. मुलीनं एका सुट्टीत येऊन माझ्या मोबाइलमध्ये ते घालून दिलं, म्हणाली, बाबा, तुमच्यासारख्या माणसाचंच काम आहे हे. मला ते पटलं. नाव काय घ्यायचं म्हणाली. ‘फलाट सात’ म्हटलं. आमचा सगळ्यात गर्दीचा फलाट.

सुरुवातीला मी खरोखर तपासायचो, शपथेवर सांगतो. उद्या आपल्या भागात नळ येणार नाही, अशी बातमी आली. मी चालत टाकीपर्यंत गेलो, पाणी सोडणाऱ्या माणसाला गाठलं. येणार म्हणाला. घरी येऊन ‘खोटं’ दाबलं. दुसऱ्या दिवशी नळ आला — आणि माझे गुण कापले गेले! कारण बाकी सगळ्यांनी ‘खरं’ दाबलं होतं. ॲपला नळाशी काही देणंघेणं नव्हतं. जास्त लोकांनी जे दाबलं ते बरोबर, बस. मी मुलीला फोन करून तणतणलो. ती म्हणाली, बाबा, जाऊ द्या, गेम आहे तो.

गेम आहे, हे मी पक्कं ध्यानात ठेवलं. आणि तिथून बिघडलो.

कसं असतं बघा. तुम्ही बातमी वाचता, तेव्हा मनात प्रश्न येतो — हे असं असेल का? माझ्या मनात हळूहळू तो प्रश्न यायचाच बंद झाला. त्याच्या जागी दुसरा आला. लोक काय दाबतील? आणि यात मी तरबेज निघालो. जन्म सगळा गर्दीसमोर काढलेला, गर्दी कुठे पळणार ते मला लांबून कळतं. फोटो असला की ‘खरं’. दवाखान्याचं, पोरींचं, खाण्यापिण्याचं असलं की डोळे झाकून ‘खरं’. सरकारनं काही चांगलं केलं असं असलं की ‘खोटं’. टाकीपर्यंत चालत जायची गरजच उरली नाही. आणि तिसरं बटण? त्याला गुण नव्हते. वर एक दिवा असायचा, रोज खरं-खोटं दाबत राहिलं की पेटता राहायचा, ‘माहीत नाही’ दाबलं की विझायचा. तो दिवा मी विझू दिला नाही. देवापुढचा दिवा एखाद्या दिवशी राहून जायचा, हा नाही.

गुण वाढले. आधी ‘नवखा’ होतो, मग ‘जाणकार’ झालो, आणि एके दिवशी मोबाइलवर फुलं उधळली आणि आलं — तुम्ही आता ‘खात्रीचा माणूस’. याचा अर्थ, माझं मत निराळं दिसणार. नावासमोर हिरवा शिक्का. आणि माझं एक मत अनेकांच्या बरोबरीचं. सगळ्या शहरात असे शिक्केवाले थोडेच होते आणि त्यांच्यात पहिल्या नंबरावर कधी मी, कधी ‘गुरुजी’ नावाचे कोणी. त्या गुरुजींवर मी किती जळायचो! कधी बघितलेला नाही माणूस, पण सकाळी उठून आधी त्यांचे गुण बघायचो. माझ्या वयाला शोभतं का हे?

पण गुणांवर सगळं ढकलून मोकळा होणार नाही. दुसरंच काहीतरी होतं. बातमीखाली लोक लिहायला लागले होते — थांबा, फलाट सात काय म्हणतात बघू. फलाट सातनं अजून दाबलं नाही. फलाट सात, सांगा की. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी खाटेवर उठून बसलो. पुन्हा खिडकी उघडली होती हो. पुन्हा बाहेर घोळका होता. तुम्ही कधी एकटे राहिला आहात का? म्हणजे नुसते घरात एकटे नव्हे — आपण नसलो तरी कोणाचं काही अडणार नाही, असे एकटे? राहिला असाल तर तुम्हाला कळेल. कळलं तरी त्यानं काही फरक पडत नाही म्हणा.

आता येतो मुद्द्यावर.

दुपारची वेळ होती. मी सुमनबाईंकडून नुकताच जेवून आलो होतो. खाटेवर आडवा होऊन मोबाइल उघडला. वरतीच एक बातमी. वरणाची वाटी, वाटीत मेलेली पाल, आणि खाली लिहिलेलं — ‘ट्युशन एरियातली मुरुडवाल्या बाईची मेस. मुली दवाखान्यात. पालकांनो, सावध राहा.’ ‘खरं’वाल्यांची पट्टी भराभर वाढत होती. गुरुजींनी अजून काही दाबलं नव्हतं. शिक्केवाल्यांपैकी जो आधी दाबेल आणि बरोबर निघेल त्याला दुप्पट गुण. मी दाबलं. खरं.

आतापर्यंत मी स्वतःला हे असंच सांगत आलो. पेंगत होतो, सवयीनं बोट गेलं, फोटो नीट बघितला नाही.

बघितला होता.

दोन बोटांनी मोठा करून बघितला होता. फोटोतली वाटी पांढरी, प्लॅस्टिकची होती. सुमनबाईंकडे प्लॅस्टिकचा चमचाही नव्हता. त्यांच्या सगळ्या वाट्या स्टीलच्या, लग्नातल्या रुखवताच्या, प्रत्येकीवर नवऱ्याचं नाव घातलेलं. वर्षभर त्या नावावर बोट ठेवून मी वरण प्यायलो होतो. तासाभरापूर्वी प्यायलो होतो. आणि दवाखान्यातल्या मुली? दुपारी सगळ्याजणी माझ्यासमोर बसून जेवत होत्या, एकीनं मला लोणचं पुढे केलं होतं. मला कुठे जायचं नव्हतं, कोणाला विचारायचं नव्हतं. गाडी माझ्या समोर फलाटावर उभी होती, पाटी वाचता येत होती.

माझ्या मनात आलं — हे खोटं आहे. अगदी स्वच्छ आलं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं आलं — पण निकाल ‘खरं’ लागणार. आणि मी दुसऱ्यावर बोट ठेवलं.

माझा शिक्का पडल्याबरोबर बातमीला हिरवी चौकट आली. ‘खात्रीचा माणूस म्हणतात : खरं.’ ती चौकट कापून लोकांनी पालकांच्या ग्रुपवर टाकली. संध्याकाळपर्यंत ती धर्माबादला पोचली, भोकरला पोचली, जिथून जिथून पोरं इथे शिकायला येतात तिथे सगळीकडे पोचली. आईबाप लांब, पोर परक्या गावात, आणि वर हिरवा शिक्का. कोण बाप थांबणार होता? मी असतो तरी थांबलो नसतो.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये पंगत निम्म्यावर. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याहून कमी. सुमनबाईंनी भाकरी नेहमीइतक्याच केल्या होत्या, टोपलीत तशाच राहिल्या. त्यांना वाटलं परीक्षा असेल. मग प्रणितानं मोबाइल आणून दाखवला. त्या फोटोकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “आवं पर ही वाटी आपली न्हाईच की.” एवढंच. त्यांनाही पहिली वाटीच दिसली. मी समोर ताटावर बसलेलो होतो. मान खाली घालून जेवत होतो.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा, सांगून झाला. नाही. बटण दाबणं एका क्षणाचं काम होतं, त्याला घाईचं नाव तरी देता आलं असतं. पुढचं घाईत झालेलं नाही.

आठवडा झाला असेल. मेसमध्ये मी आणि मुरुडकडच्याच दोन पोरी, बाकी सतरंज्या रिकाम्या. दुपारी दारात एक बाप आला. धर्माबादकडचा, पायात चिखलाच्या चपला, सोबत मुलगी. गावाहून पहाटेच निघून आला असावा. पोरगी म्हणत होती, बाबा, इथलंच जेवण चांगलं आहे, मला इथेच राहू द्या. बापाचा जीव वरखाली. त्यानं आत नजर टाकली, त्याला मी दिसलो — पांढरे केस, एकटा, शांतपणे जेवणारा. तो सरळ माझ्याकडे आला आणि हात जोडून म्हणाला, “काका, तुमी रोज हितं जेवता म्हनं. तुमीच सांगा. ते पालीचं खरं हाय का खोटं?”

किती दिवसांनी मला एका जिवंत माणसानं, समोर उभं राहून, माझ्या तोंडाकडे बघत काही विचारलं होतं. हेच तर मला हवं होतं ना? याच्यासाठीच तर बाकावर जाऊन बसत होतो? आणि एका शब्दाचं काम होतं. खोटं आहे. बसा, जेवा, पोरीला इथेच ठेवा. त्याचं ऐकून अजून दोन बाप थांबले असते, त्यांचं ऐकून अजून चार.

मी म्हणालो, “मला काय माहीत.”

का? त्याला कुठे ठाऊक होतं फलाट सात कोण ते? कोणालाच ठाऊक नव्हतं. ‘खोटं’ म्हणालो असतो तर माझं काय जात होतं? पुष्कळ विचार केला यावर. मेस पुन्हा भरली असती, तर लोकांनीच ती बातमी ॲपवर पुन्हा काढली असती आणि या वेळी ‘खोटं’ दाबलं असतं. बातमी खोटी ठरली असती, तर शिक्का गेला असता. हे सगळं मी त्या क्षणी मनात जुळवलं होतं का? जुळवलं होतं असं मला वाटतं. घास तोंडात असताना जुळवलं होतं.

बाप मुलीला घेऊन गेला. पोरगी जाताना मागे वळून सुमनबाईंकडे बघत होती. त्या आतल्या दारात उभ्या होत्या, हाताला पीठ लागलेलं. त्यांनी माझं बोलणं ऐकलं होतं. मी वर बघितलं नाही. त्या आत गेल्या, आणि थोड्या वेळानं भाकरी घेऊन आल्या. पापुद्रा वेगळा काढलेला होता.

नंतर प्रणिताकडून कळलं. ती आईवर चिडली होती, की काकांनी तोंड का उघडलं नाही. सुमनबाई तिला म्हणाल्या, “आपले भाऊ गरीब हायत गं. त्यान्ला वाद जमत न्हाई.” मी, ज्यानं खिडकीतून अर्ध्या नांदेड जिल्ह्यावर डाफरून घेतलं, त्याच्याबद्दल हे.

मग एक दिवस त्यांनी मला विचारलंच. “भाऊ, तुमी बी त्या मोबाइलवर असता म्हनं. तिथल्या मानसान्ला सांगा की, माझ्या घरी येऊन बघून जावा म्हनावं. चुलीपाशी येऊन बघा म्हनावं.” सांगतो, म्हणालो. आणि सांगता येत होतं. शिक्केवाल्यांसाठी एक जागा होती, ‘फेरतपासणी’ म्हणून. आपलंच मत आपण मागे घ्यायचं. घेतलं की बातमीवर लाल रेघ ओढली जायची, पुन्हा सगळ्यांकडे जायची. मात्र मत फिरवणाऱ्याचा शिक्का कायमचा जायचा. मी ते पान उघडलं. एकदा नाही, बऱ्याचदा उघडलं. वाचायचो आणि मिटवायचो. तीन-चार दिवसांनी सुमनबाईंना म्हणालो, “कळवलंय मी. ऐकत न्हाईत ते.”

त्यांनी मान हलवली. “तुमी तरी काय करणार भाऊ. केलं तेवढं लई झालं.”

पोळ्याच्या सुमाराला त्यांनी हॉल सोडला. प्रणिताचा क्लास अर्ध्यात सुटला. जाण्याच्या दिवशी टेम्पोत भांडी चढवायला मी मदत केली — हो, केली, आणि शेजारच्या पानवाल्यानं माझं कौतुकही केलं, या वयात किती धावपळ करता म्हणून. प्रणिता एक पुस्तकांचं खोकं मांडीवर घेऊन पुढे बसली. रडत नव्हती. एखाद्या वयस्क बाईसारखी समोरच्या काचेतून बघत बसली होती. आता ती मुरुडलाच कॉलेजला जाते. डॉक्टरचं विचारलं की विषय बदलते, असं तिची आई सांगते.

आई सांगते — म्हणजे आमचं बोलणं होतं. हेच सांगायचं राहिलंय.

आपल्याकडे खेड्यातून पोरांचा डबा लाल गाडीनं येतो. आई सकाळी डबा ड्रायव्हरच्या हाती देते, पोरगा बसस्थानकावर जाऊन घेतो, संध्याकाळच्या गाडीनं रिकामा परत. मुरुडला गेल्यावर आठच दिवसांत सुमनबाईंचा फोन आला, “भाऊ, तुमच्या जेवनाचे हाल होत असतील. त्या दोघी पोरींचा डबा गाडीनं पाठवून राहिले, त्यातच तुमचा बी ठेवते.” नको म्हणालो. दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा नाही म्हणालो. पैशाचं काढलं तर रागावल्या, भावाकडून घेतात का म्हणाल्या.

तेव्हापासून रोज मी बसस्थानकावर त्या पोरापोरींच्या घोळक्यात उभा असतो. गाडी येते, ड्रायव्हर कपड्याच्या पिशव्या खाली देतो, प्रत्येकीवर नाव. माझ्या पिशवीवर लिहिलेलं असतं — ‘भाऊ’. डबा घेऊन मी घरी येतो. मग दुपारी सुमनबाईंचा फोन येतो. “भाऊ, डबा घावला का?” हाव, घावला, म्हणतो. तब्येत कशी, गुडघा दुखतो का, तिकडे पाऊस झाला का. दोन-चार मिनिटं. रविवार सोडला तर दिवसभरात माझा फोन तेवढाच वाजतो.

मला सांगता आलं असतं. रोज सांगता येतं, रोज ती संधी आपल्या पायानं चालत माझ्याकडे येते. सुमनबाई, ते मीच दाबलं होतं. वाटी ओळखून दाबलं होतं. पण सांगितलं, की उद्यापासून फोन येणार नाही. त्या रागावतील, शिव्या देतील, याची भीती नाही. दुपारी फोन वाजणार नाही याची आहे. एवढ्या साध्या, एवढ्या हलक्या कारणासाठी मी एका पोरीचं वर्ष आणि एका बाईची अब्रू दाबून बसलोय. आधी गुणांसाठी गप्प बसलो, आता डब्यासाठी बसतो.

ॲप काढून टाकलं, असं इथे सांगणार होतो. नाही काढलं. शिक्का अजून आहे.

आज फोन जरा उशिरा आला. तोवर मी डबा उघडला नव्हता, मोबाइल समोर ठेवून बसलो होतो. वाजला. सुमनबाई म्हणाल्या, “भाऊ, शेंगदाण्याच्या चटनीत मीठ जास्ती झालं काय वो? मला उपास हाय, मी चाखून बघितली न्हाई. खरं सांगा.”

“न्हाई न्हाई,” मी म्हणालो, “लई चांगली झाली.”

बरं वाटलं त्यांना. फोन ठेवला, आणि मग मी डबा उघडला. चटणी खारट होती. मी ती सगळी खाल्ली.